न थांबता एक चक्कर

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीच्या टायरात हवा भरली. शुक्रवारची दुपार होती. हवा मारायचा जुना उभा पंप आहे आमच्याकडं, तो हलतो. म्हणून बायको त्याच्या खालच्या पट्टीवर पाय देऊन उभी अन् मी दांडा मारून राहिलो. हवा मोजायचं मीटर आमच्याकडं न्हाई. गॅरेजच्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, पुढच्या टायरात रोजच्यापेक्षा जरा जास्ती ठेवा, जोरात वळताना टायर दबला न्हाई पायजे. ती अंगठ्यानं टायर दाबून पाहायची अन् म्हणायची, "अजून."

मी म्हणलो, "टायर हाय तो. तू काय भाकरीचं पीठ पाहून राहिली?"

"पीठ मळता आलं असतं तुमाला, तं टायरबी कळला असता. मारा."

रविवारी वसमतबाहेरच्या मैदानावर शर्यत होती. तिला त्या शर्यतीतून एकच पायजे होतं, मी न थांबता एक चक्कर पुरी करायची. नंबर नको, कप नको. मधी थांबायचं न्हाई, एवढंच. हे असं काहून, ते सांगावं लागंल.

माझी शाळा लहानपणीच सुटली अन् पुढचं सारं आयुष्य जीपवर गेलं. कुरुंदा ते वसमत, वसमत ते कुरुंदा. शिटा भरायच्या, उतरवायच्या. रस्त्याच्या कडंला कोणी हात केला की थांबायचं. जीप गच्च भरली असली तरी थांबायचं, कारण माणूस उन्हात उभा असतो. हात दिसला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो, डोक्याला इचारत न्हाई. पुढं गुडघे गेले, जीप विकली. पोरगं पुण्याला असतं. त्यानं मोठी गाडी घेतली अन् त्याची जुनी पांढरी छोटी गाडी आमाला आणून दिली. बाजाराला, दवाखान्याला कामाला येईल म्हणला.

ती गाडी घेऊन मी वसमतला मिस्त्रीकडं गेलो. ह्याच्या बापानं माझी जीप सांभाळली, आता गॅरेज हा चालवतो. त्यानं अन् त्याच्या दोस्तांनी हा खेळ सुरू केलेला. ऑटोक्रॉस म्हणतात. मातीच्या मैदानावर नारंगी कोन मांडायचे, रस्त्याच्या कामावर ठेवतात तसले. त्यांच्यामधून एका वेळी एकच गाडी सोडायची. कोणाला मागं टाकायचं न्हाई, फक्त घड्याळाशी शर्यत. कोन पाडला तर वेळ वाढवून धरतात, वाट चुकली तर चक्कर बाद. बक्षीस म्हणजे टाळ्या.

"चाचा, रोज की गाडी चलती है," मिस्त्री म्हणला. "ब्रेक बराबर होना, पट्टा होना, हेल्मेट मैं देता. और गाडी में कुछ ढीला नक्को, सब निकालना पडता."

मी नको म्हणणार होतो. या वयात लोक हसतील. पण ती बाजूला स्टुलावर बसली होती, तिनं इचारलं, "बाजूला कोनी बसलेलं चालतं का?"

"चलता है चाची. पर डरना नहीं."

"भ्यायचं काय त्यात? ह्यांच्या जीपीत बसून मी बाळंतपणाला गेले, तेबी पावसाळ्यात."

झालं. नाव दिलं.

पहिल्या शर्यतीच्या दिवशी गाडी तपासायला घेतली. ढिलं सामान काढा म्हणले. तिच्या शिटाखालून गोधडी निघाली, खुरपं निघालं, पाण्याची बाटली, वाळल्या हळदीची पिशवी, अन् एक चप्पल निघाली जी आमी दोघंबी वर्षभर शोधत होतो. तपासणारा पोटभर हसला. मग हेल्मेट तिच्या अंबाड्यावर बसंना. मिस्त्रीनं इचारलं, "चाची, बाल खोलते क्या?" ती म्हणली, "येवढ्या मानसात?" शेवटी गाडीच्या आडोशाला गेली, अंबाडा मानेवर खाली बांधला, पदर घट्ट खोचला अन् हेल्मेट घालून आली. मला हसू आलं. ती म्हणली, "तुमी तं माठावानी दिसून राहिले."

आधी पायी फिरून वळणं पाहायची असतेत. मी म्हणलो, वळणं काय पाहायची, कोन दिसतेतच. ती एकटी फिरून आली अन् गाडीत बसून मला सांगायला लागली. पहिलं डावं, मग दोन कोनांमधून, मग बाभळीकडं तोंड करून उजवं. झेंडी पडली, मी गाडी सोडली. बरी चालली होती. माती उडून राहिली, ती दारावरची मूठ धरून "डावं, डावं" करून राहिली. बाभळीच्या वळणावर मागच्या चाकानं एक कोन पडला. तिथं उभ्या माणसानं घड्याळवाल्याला कळावं म्हणून हात वर केला.

मी गाडी थांबवली. काच खाली केली अन् त्याला इचारलं, "कुठं जायाचं?"

सारं मैदान हसलं. तो माणूस तर खालीच बसला. ती हेल्मेटातून वरडली, "अहो, तो शीट न्हाई! चला की!"

तवापासून तिनं मला सोडलं न्हाई. मी जेवायला आलो की दारात उभी राहून हात करायची, "वसमत, वसमत? जागा हाय का?" शेजारपाजाऱ्यांना सांगितलं, लेकीला फोन करून सांगितलं. पण मग एक दिवस म्हणली, "हसायचं झालं. आता हे शिकायचं." आमच्या भावकीच्या रानात हळद वाळवून उचलली होती, जागा सपाट होती. तिथं आमी तेलाचे रिकामे कॅन मांडले. ती वळणावर जाऊन उभी राहायची अन् मुद्दाम हात करायची. मी तिच्या बाजूनं न थांबता जायचं, हा आमचा अभ्यास. टायर पिवळे व्हायचे. लोक बांधावरून पाहायचे, म्हातारं-म्हातारी येडी झाली म्हणायचे.

मला जमत न्हवतं. दुसरं कोणी असतं तर जमलं असतं. ती हात करून उभी अन् मी गाडी पुढं काढायची, हे माझ्या पायाला कळत न्हवतं. दर वेळी ब्रेक लागायचा. ती यायची, काचेवर टकटक करायची.

"काहून थांबले?"

"तू हात केला."

"मी केला तरी थांबायचं न्हाई. बराबर?"

"बराबर."

गेल्या आठवड्यात एकदा जमलं. तिच्या बाजूनं गेलो, आरशात पाह्यलं, ती धुळीत उभी राहून टाळ्या वाजवत होती.

शुक्रवारी हवा भरून झाली. तिनं पंप उचलून भिंतीला लावला अन् ओट्यावर बसली. म्हणली, "छातीत भरून आल्यावानी होऊन राहिलं." मी पाणी दिलं, तिनं घेतलं न्हाई. तोंड घामानं भिजलं. मी तिला धरून गाडीत बसवली अन् वसमतचा रस्ता धरला.

गाडी मी कधी चालवली न्हाई तशी चालवली. खड्डा दिसायच्या आधी चुकवत होतो. कुरुंद्याच्या फाट्यावर एक म्हातारी गाठोडं घेऊन उभी होती, तिनं हात केला. माझा पाय हालला न्हाई. सरळ निघालो.

हिनं मान वळवून मागं पाह्यलं. म्हणली, "म्हातारी होती ओ. घ्यायची होती."

त्यानंतर ती बोलली न्हाई. मी बोलत होतो. आलं वसमत, आलं, म्हणत होतो. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं तपासलं अन् माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शनिवारी दुपारी तिची माती झाली. पोरगं रातभर गाडी चालवून आलं. लोकांनी बुद्धवंदना म्हणली. लोक येऊन सांगत होते, सोनं झालं, तकलीफ झाली न्हाई. यांना कोणी सांगितलं तकलीफ झाली न्हाई म्हणून? बाजूला मी होतो. पण कोणाशी भांडावं एवढा जीव न्हवता. घरात मानसं मावत न्हवती अन् मला घर रिकामं वाटत होतं. हे मी लोकांच्या तोंडून ऐकायचो तवा खोटं वाटायचं.

रविवारी सकाळी लवकर उठलो अन् गाडीची चावी घेतली. लेक चुलीपाशी होती.

"बाबा, कुठं निघाले? आज?"

"मिस्त्रीला सांगून येतो, नाव काढ म्हणून."

"फोन करा ना."

"फोनवर न्हाई बोलता येणार."

मैदानावर कोणी आलं न्हवतं. मिस्त्री एकटा कोन मांडत होता. मला पाहून हातातले कोन खाली ठेवले. "मैं कल आया था चाचा. आपने देखा नहीं." मला खरंच दिसला न्हवता. मी म्हणलो, "नाव काढ आमचं." तो हौ म्हणला. मी गाडीकडं वळलो. तो म्हणला, "एक चक्कर मार लेते क्या? कोई नहीं है. घडी नहीं लगाता."

मी बसलो. पट्टा लावला. गाडी चालू केली, गियर टाकला, अन् क्लच सोडता येईना. पाय तिथंच राहिला. बाजूचं शीट तिनं पुढं ओढून घेतलेलं होतं, तिचे पाय आखूड. मी गाडी बंद केली, उतरलो, दुसऱ्या बाजूनं जाऊन तिच्या शिटावर बसलो. गुडघे समोर टेकले तरी शीट मागं केलं न्हाई.

"तू चालव," मी म्हणलो.

तो स्टेअरिंगवर बसला. जोरात सोडली. उभ्या आयुष्यात मी कधी चालत्या गाडीत त्या बाजूला बसलो न्हवतो. हातात काही नसतं. कोन अंगावर येतेत, ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली असतो. पहिल्याच वळणाला मी दारावरची मूठ धरली. बाभळीपाशी डोळे मिटले. इथं बसून ही मला डावं-उजवं सांगत होती. भ्याली असंल. मला कधी सांगितलं न्हाई.

मिस्त्रीनं गाडी न थांबता चक्कर पुरी केली. एकबी कोन पडला न्हाई. पण चालवली त्यानं, अन् बसलो मी. आमची चक्कर राहिली.

त्यानं गाडी बंद केली अन् खाली उतरला. मी पट्टा काढला, उतरलो, अन् उरलेले कोन मांडायला त्याच्याबरोबर गेलो.