निळ्याला एक धागा

रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी आत्या कपाट उघडायची. हँगरच्या रांगेवरून डावीकडून उजवीकडे सावकाश हात फिरवायची, डाव्या टोकाचा कपडा काढून अंगात घालायची आणि आदल्या दिवशी धुतलेला उजव्या टोकाला अडकवायची. म्हणजे रांग रोज एक पाऊल पुढे. बावीस कपडे होते, आणि एकही मागे राहायचा नाही.

"कपाटात बसून खाणारं कुणी नको," ती म्हणायची. "पाळी आली की कामावर जायचं."

हे वळण तिचं जुनं. शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात ती एकोणतीस वर्षं तपासनीस होती. एखादा टाका सुटलेला असला, बटण केसभर सरकलेलं असलं, की तिची नजर तिथेच जायची. कारखान्यात तिला दुर्बीण म्हणत. माझी आईही तिथलीच, धागे कापायच्या टेबलावरची. तिथेच दोघींची मैत्री झाली आणि आत्याने मैत्रिणीला वहिनी करून घरी आणलं.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत दुर्बिणीच्या काचेवर धुकं बसलं. समोरच्या माणसाचा चेहरा पुसलेला आणि दाराची चौकट मात्र स्वच्छ, असं तिला दिसायला लागलं. गडद रंग सगळे एक झाले. डॉक्टरांकडे मी बरोबर होते. कडेचं दिसतं ते राहील, मधलं गेलेलं परत येणार नाही, असं ते म्हणाले. पायऱ्या उतरताना आत्याने माझं मनगट धरलं. "दादाला कळता कामा नये. कळलं तर तो मला उचलून तुमच्या घरी नेईल."

बाबांचा स्वभावच तसा. आमचं घर लहान, चौघं आधीच एकमेकांच्या अंगावर पडत होतो. आत्याला बाहेरच्या खोलीतला कोच मिळाला असता आणि आमची सगळ्यांची माया. तिला तिच्या दोन खोल्या हव्या होत्या.

मग तिने सगळ्या कपड्यांना आतून, खालच्या दुमडीला धागे लावले. निळ्याला एक, तांबड्याला दोन, पांढऱ्याला तीन, बोटभर लांबीचे. ज्या पँटवर जो शर्ट, तो तिच्याच हँगरला. तीन वर्षं ती अशी नीटनेटकी राहिली, की शेजारीण तिला विचारायची, "आज कुठे समारंभ आहे वाटतं?"

त्या रविवारी आम्ही सगळे तिच्याकडे गेलो. खोल्यांचा भाडेकरार बाबांच्या नावावर होता, तो संपत आला होता. चार वाजेपर्यंत घरमालकाला हो की नाही सांगायचं होतं. आदल्या महिन्यात आत्याचा हात भाजला होता, आणि तेव्हापासून बाबांचा कल नाहीकडे झुकला होता.

मी आणि आत्या दूध आणायला खाली गेलो. परतलो तर आई कपाटापाशी कमरेवर हात ठेवून उभी.

"ये, दुर्बीणबाई, बघ तुझं कपाट! पांढरे, पिवळे, हिरवे, निळे, तांबडे. दुकानात लावतात तसं. शर्ट एकीकडे, पँट एकीकडे. आता कसं झटकन सापडेल!"

आत्या हसली. मी खिडकीच्या कठड्याकडे पाहिलं. तिथे रंगीत धाग्यांचा एक लहानसा ढीग होता.

"आणि काय गं," आई पर्समधल्या कटरचं झाकण लावत म्हणाली, "तपासनीस म्हणवतेस आणि सगळ्या कपड्यांना धागे लोंबतायत! माझा हात राहतोय का? एकूण एक कापून टाकले."

आत्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"बरं केलंस, वहिनी."

"चला, आटपा," बाबा घड्याळ बघत म्हणाले. "बाहेर जेवू, तिथून मी घरमालकाकडे जाईन."

"तो निळा घाल," आई म्हणाली. "मी दिलेला. तुला खुलतो."

आईने दोन दिले होते, एक निळा, एक किरमिजी. एकाच मापाचे, एकाच गिरणीच्या कापडाचे.

आत्या आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग शिरले आणि दार लोटलं. तिने रांगेवरून हात फिरवला. मध्येच बोटं थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. आपल्याच जिन्याची पायरी चुकल्यासारखी ती उभी राहिली.

"आत्या," मी कुजबुजले, "उजवीकडून—"

"सांगू नकोस. तू काय रोज येणार आहेस?"

तिने एकेक कपडा चाचपला. स्वेटर, सुती, जाड, कॉलर नसलेला. ते दोन शर्ट सापडले. दोन्ही तिने पलंगावर ठेवले, शिवणीवरून अंगठा फिरवला, नाकाशी धरले. एक जास्त वापरला असता तर मऊ लागला असता. पण तिच्या कपाटात सगळ्यांना सारखी पाळी होती. दोन्ही सारखेच झिजले होते.

"झालं का गं?" बाहेरून आई.

"आले, आले."

तिने एक उचलला. किरमिजी. मी ओठ दाबून धरले. तिने बटणं लावली, एकही वरखाली न होता. केस नीट केले. दाराच्या कडीवर हात ठेवून ती क्षणभर थांबली. मला वाटलं, ती आता बाहेर जाऊन ठणकावून सांगेल, आज मला हाच घालायचाय, आणि निभेलही. आजच्यापुरतं.

तिने दार उघडलं.

"वहिनी, हा निळा आहे की किरमिजी?"

आई हसायला लागली. "चेष्टा करतेस काय?"

कुणीच हसलं नाही. आईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग शर्टकडे, मग कठड्यावरच्या धाग्यांकडे. ती आत्याच्या जवळ गेली आणि शर्टची खालची दुमड उलटून बघितली. कापलेल्या धाग्याची दोन खुंटं तिच्या बोटाला लागली असणार. धाग्याची जात तिला कुणी शिकवायला नको होती.

"किती वर्षं?"

"तीन."

"म्हणजे दिसत नाही तुला," बाबा खुर्चीतून उठले. "मग विषय संपला. सामान बांधा."

"विषय आत्ता सुरू झालाय. बसा तुम्ही." आईचा आवाज चढला. "तीन वर्षं ही अशी राहिली, तुम्हाला पत्ता लागला? मला लागला? आज बिघडलं ते माझ्या कटरनं."

"आणि हात भाजला तो?"

"माझा परवा दोनदा भाजला. मला कुठे पाठवताय?"

बाबा पुन्हा खुर्चीत बसले. आत्या अजून उभीच होती, दोन्ही हात शर्टच्या खिशांवर दाबून.

"दादा," ती म्हणाली, "तुझ्याकडे मी सुखात राहीन. पण कोण काय घालून देतंय, याची वाट बघत बसेन."

जेवायला कुणी बाहेर गेलं नाही. आईने सुईचा डबा काढला. "कशाला किती, सांग."

"निळ्याला एक."

मी सुया ओवत होते. आई टाका घालायची, आत्या धागा चिमटीत धरून ओढून बघायची, आणि एकदा म्हणालीच, "हा कच्चा आहे. परत घाल." आईने पुटपुटत परत घातला. चार वाजायला दहा मिनिटं असताना बाबा चपला घालून निघून गेले. ते परत येईपर्यंत बावीस कपडे जुन्या क्रमाने टांगून झाले होते, तरी आम्ही तिघी कपाटापाशीच बसून होतो.

बाबांनी चपला काढल्या. "दोन वर्षांची सही केली," ते म्हणाले. "रोज सकाळी फोन करायचा. एक दिवस चुकला तर मी येईन."

तो करार पुढे आणखी दोनदा वाढला. तिच्या आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यातही रोज सकाळी फोन तिचाच यायचा, आणि त्यातला एक मी घेतला. मी संध्याकाळी येते म्हटलं, काही आणू का, विचारलं.

"पाव आण," आत्या म्हणाली. "छोटा आण हं, मोठा एकटीला संपत नाही."