सोनिकाच्या नावाचा ट्रॅक्टर

बाईच्या नावावर सरकारी अनुदान जास्त मिळतं म्हणून सुशीलनं ट्रॅक्टर बायकोच्या, सोनिकाच्या नावानं घेतला. दुसरं काही कारण नव्हतं. त्यासाठी सातबाऱ्यावर तिचं नाव लागावं म्हणून सासऱ्यानं मरायच्या आधी दोन एकर तिला लिहून दिले. उमरेड रोडवरच्या त्या गावात एवढ्यावरूनही लोकांनी सुशीलला चिडवून घेतलं.

अनुदान तिच्या खात्यात जमा झालं त्याच दिवशी त्यानं एटीएम कार्ड मागितलं. "थांबा, पिन आठवून राहिली," ती म्हणाली, तर त्यानं कानशिलात अशी दिली की त्या कानानं तिला पुढं कधी नीट ऐकू आलं नाही.

तपासणीला आलेला कृषी सहायक म्हणाला, फोटोत मालकीण ट्रॅक्टरवर पाहिजे. सोनिका पदर खोचून वर चढली. वरून शेत वेगळंच दिसलं. मग सुशील नागपूरला गेला की शेजारच्या शेतातले म्हातारे रामाजी तिला ट्रॅक्टर शिकवायचे. पंधरा दिवसांत ती सरळ तास काढू लागली. सुशीलला कळलं तेव्हा त्यानं तिला पाइपानं मारलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाठीनं तिला सोयाबीन सोंगायला जावं लागलं.

दिवाळीनंतर सुशीलनं नागपुरातल्या लकडगंजच्या एका दलालाशी ट्रॅक्टर विकायचा सौदा केला आणि फॉर्म घेऊन घरी आला.

"सही कर."

"अनुदानाचा ट्रॅक्टर इतक्यात विकता येत नाही. उद्या वसुली निघाली तर माझ्यावर निघन."

"तुले कोण विचारून राहिलं?"

"मंग माझी सही कशाले पाहिजे?"

त्यानं तिचा हात चुलीच्या ओट्यावर दाबला, करंगळी धरली आणि उलटी वाकवली. हाड मोडल्याचा आवाज सासूला, बायजाबाईला, पडवीत ऐकू आला. तिनं उठून दार लावून घेतलं. "कर ना वं सही," ती बाहेरूनच म्हणाली, "काहून मार खातं?"

सोनिकानं सही केली नाही. त्यानं दुसरं बोट धरलं, तेही मोडलं. मग तोच दमला.

सकाळी दलालाची माणसं येणार होती. सुशील तोंड धूत होता तेवढ्यात तिनं खिळ्यावरची चावी काढली. सुजलेला हात छातीशी धरून ती ट्रॅक्टरवर चढली, चालू केला. तो ओल्या तोंडानं, वाटेतला पान्हा उचलून धावत आला, मडगार्डला लोंबकळला आणि तो तिच्या खांद्यावर घालू लागला. पहिला घाव, दुसरा. तिसरा कपाळावर बसला आणि डोळ्यात रक्त उतरलं. तिनं क्लच सोडला. ट्रॅक्टर उसळला, सुशीलचा हात सुटला आणि मागचं मोठं चाक त्याच्या पायावरून गेलं.

अँब्युलन्स तिनंच बोलावली. गाडी येईपर्यंत ती आपल्याच साडीची चिंधी त्याच्या मांडीला आवळून बसली. तो तिला शिव्या देत होता, ती गाठ सोडत नव्हती. नागपूरच्या दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पोलिसांना सुशीलनं सांगितलं, पाय घसरून पडलो. तिच्यावर दया आली म्हणून नव्हे. बायकोनं पाय घेतला हे चारचौघांत सांगणं त्याच्याच्यानं झालं नाही.

सोनिका आता त्या दोन एकरांच्या कडेला टिनाच्या खोलीत राहते आणि आसपासच्या चार गावांत तोच ट्रॅक्टर घेऊन नांगरणीला जाते. दोन वाकडी बोटं गिअर बदलताना दुखतात. ती वाटेत दिसली तर बायजाबाईच रस्ता बदलते.

एकदा शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी बसून चहा पिताना रामाजींनी विचारलं, "पोरी, जाणून केलं का वं?"

तिनं उरलेला चहा संपवला.

"क्लच तं रक्तानं दिसत नव्हतं म्हणून सुटला," ती म्हणाली. "पण तो पडला हे मले समजलं होतं, बाबा. पाय ब्रेकवर होता. मी दाबला. जरा थांबून दाबला."

तिनं कप विसळला आणि उरलेलं वावर नांगरायला गेली.