साडूंनी अडवलेली पंगत

आमच्या साडूंना सोयऱ्याधायऱ्यांत कुणी बोलवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस मोठा डॉक्टर, म्हातारपणातलं रक्त आणि आहार यांवर संशोधन करणारा. पण वागणं असं, की यजमानानं तोंड लपवावं. इंदापुरात माझ्या पुतणीचा साखरपुडा, आणि हे गृहस्थ भर मांडवात नवऱ्या मुलाच्या आजीची खालची पापणी ओढून उभे! "पांढरीफटक आहे," म्हणाले. सोयरीक मोडता मोडता राहिली. वालचंदनगरला एका सोयऱ्यांकडे जेवणं उरकून चहा आला, तर यांनी म्हाताऱ्यांच्या पुढ्यातल्या कपबश्याच उचलल्या. जेवणावरचा चहा म्हणे अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. अहो, पण चहा लोकांच्या घरचा! आणि कुणी "वय झालं की रक्त कमी व्हायचंच" असं म्हटलं, की संपलंच. "वय हा काय आजार आहे का?" असं गरजतात की गोठ्यातल्या म्हशीनं पान्हा चोरावा.

गेल्या उन्हाळ्यात काटेवाडीला आमच्या घरी आले. आई तेव्हा पार खचली होती, उंबरा ओलांडला तरी धाप लागायची. यांनी तिचं रक्त तपासायला बारामतीला पाठवलं आणि रक्त फारच कमी असल्याचा रिपोर्ट बघून माझ्यावरच उखडले, "ही काय जेवते, बघितलंय का कधी?" आता आमच्यात बाया शेवटीच जेवतात. उरेल ते खायचं, नाहीतर चहात भाकरी. त्यात एवढं भडकायचं काय?

दुपारी पानं वाढली. पाहुण्यानं घास घेतल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, आणि पाहुणा हाताची घडी घालून बसलेला!

"आधी आईंचं ताट."

"पाव्हणं, रीत हाय ती. तुमी घ्या, मी जेवते मागनं."

"मग मीही मागनं."

रस्सा निवला, भाकरी वाळल्या. भुकेनं आणि संतापानं माझं डोकं भणभणत होतं. शेवटी आईच हरली आणि आमच्या पंगतीत येऊन बसली. मेथीचा घास उचलला, आणि हात तसाच राहिला.

"आमच्या आत्याबाईबी अशाच धापा टाकत गेल्या," ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आजी. "सगळ्यांच्या मागनं जेवायच्या. आमीबी म्हणलो, वय झालं. कुणी इचारलंच न्हाय वो त्यांना."

मला वाटलं, आता हे गरजणार. साडूंनी नुसती मान खाली घातली. "जेवा, आई," एवढंच म्हणाले.

आईनं डोळे पुसले आणि घास तोंडात घातला. ती जेवत होती, आणि आम्ही सगळे नुसते बघत बसलो.