पाच घरांची कोरडी माधुकरी

रिकाम्या बाटलीला माझ्या मेहुण्याइतका मान साऱ्या गुलबर्गा जिल्ह्यात कुणी दिला नसेल. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आळंदला त्याची भंगाराची शेड आहे. लग्नाच्या पंगतीत लोक ताटाकडे बघतात, हा पाण्याच्या ग्लासाला टिचकी मारून तो कानाशी धरतो. पुतणीला बघायला आलेले पाहुणे उठले, तर यानं त्यांच्यादेखत प्लॅस्टिकची खुर्ची उलटी केली आणि बूड वाजवून म्हणाला, "दोनदा वितळलेला माल हाय. वरीसभर टिकंल." पाहुणे त्यानंतर उभेच राहिले.

त्याच्या शेडमध्ये बाटल्यांची टोपणं वेगळी, कागद वेगळे, पुठ्ठा एकीकडे, पत्रा एकीकडे. दाबून गठ्ठे बांधले की ट्रक कारखान्याला जातो. तिथं प्लॅस्टिक धुऊन, बारीक करून, वितळवून त्याचा दाणा करतात. मग टोपणांच्या बादल्या होतात आणि बाटल्यांच्या दोऱ्या. हे सगळं तो सत्यनारायणाच्या कथेसारखं सांगतो, आणि मध्येच कुणी उठलं तर पुन्हा पहिल्या अध्यायापासून.

माझं गाणगापूरला छोटं लॉज आहे. इथं भक्त दुपारी बारा वाजता पाच घरी माधुकरी मागतात. पौर्णिमेची गर्दी ओसरली की दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, हा टेम्पो लावून, खांद्यावर पोतं टाकून पाच लॉजच्या पुढच्या दारी उभा राहायचा आणि ओरडायचा, "अक्का, कोरडी माधुकरी वाढा!" पाच म्हणजे पाच. सहाव्यानं बोलावलं तर हात जोडायचा. "महाराजांच्या गावात घ्यायलोय, तर रीतीनंच घ्यावं."

घोटाळा असा व्हायचा, की भाबडे भक्त त्याच्या पोत्यात भाकरी आणि वरणभात वाढायचे. "पुठ्ठा भिजला की मेला!" म्हणून तो कळवळायचा, पण वाढलेलं नाकारणार कसं? म्हणून त्यानं ओल्यासाठी दुसरी पिशवी धरली आणि त्यातलं अन्न संगमाच्या वाटेवरच्या कुत्र्यांना घालू लागला. ते बघून पाचही लॉजनी दोन पिशव्या ठेवल्या.

माझी बायको तर बाटल्या धुऊन गच्चीवर उपड्या वाळवायची. मला मात्र पुण्याच्या गिऱ्हाइकांसमोर सख्ख्या मेहुण्यानं कचरा मागावा याची लाज वाटायची. एकदा म्हणालो, "अंधार पडल्यावर मागल्या दारानं येत जा."

"कामून लाजायलाव, दाजी?" तो म्हणाला. "माधुकरी मागल्या दारानं घेत न्हाईत."

पुढच्या पौर्णिमेला त्यानं माझं सोडून शेजारचं लॉज पाचवं धरलं. दिवाळीला घरी यायचा, बहिणीच्या हातचं पोटभर जेवायचा; पण पोतं टेम्पोत ठेवून.  बायको फक्त बाटल्या धूत राहिली. गच्ची भरली, तेव्हा मीच पोतं घेऊन गल्लीत त्याला आडवा गेलो.

"घे की रे."

"पाच झाली की, दाजी. कुणाचं घर सुटलं तर तुमचा नंबर."

मग काय, मी दर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही पिशव्या उचलून शेजारच्या दारात नेऊ लागलो. तिथून तो त्या दोन्ही हातांनी घ्यायचा आणि विचारायचा, "अक्का बरी हाय न्हवं?" गावानं मला पिशव्या वाहताना पाहिलं आणि ठरवलं, की ओलं-कोरडं वेगळं करायला या म्हाताऱ्यानं शिकवलं. शाल-नारळ दिला. मी तो घेतला. ती शाल त्याची आहे. मी फक्त शेजाऱ्याच्या दारात कचरा टाकत होतो.

बायको गेल्या वर्षी गेली. यंदा शेजाऱ्यानं लॉज बंद केलं आणि तो मुलाकडे सोलापूरला राहायला गेला. त्यानंतरच्या पौर्णिमेला बाटल्या मी धुतल्या. दुसऱ्या दिवशी पुढचं दार सताड उघडून आत बसलो. येईल की नाही, कळेना.

बारा वाजले आणि दारातून हाक आली, "अक्का, कोरडी माधुकरी वाढा!"

तिला खांदा त्यानंच दिला होता. मी दोन्ही पिशव्या घेऊन उठलो. त्यानं एक बाटली काढली, टिचकी मारून कानाशी धरली.

"आत पाणी ऱ्हायलंय, दाजी," म्हणाला. आणि तशीच ओली पोत्यात टाकली.