मोठ्या मनाचे बाबाराव

चहा पिऊन झाला तशी मी उठले. बेसिनवर कप विसळला, दार उघडलं आणि कप बाहेर चपलांच्या कडेला, भिंतीशी पालथा ठेवला. मग आत येऊन बसले.

माझ्या वर्गातल्या मुली माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे कप टीपॉयवर होते, प्यायले तिथेच. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, मी काय केलं ते. कानशिलं तापली. वाटलं, उठून कप आत आणावा. पण आणून ठेवायचा कुठे, तेही कळेना.

हे बोईसरला, आमच्या मॅडमच्या घरी घडलं. मॅडम आम्हाला टी.वाय.ला मराठी शिकवतात. परीक्षा जवळ आली की मोजक्या मुलींना घरी बोलावून नाटकाचा पेपर करून घेतात. यंदा मलाही बोलावलं होतं. पालघरच्या होस्टेलवर मी सगळ्यांना सांगत फिरले होते. ड्रेसला इस्त्री करून गेले होते.

मॅडमनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कौतुकानं हसल्या. म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात वळण. माझ्या माहेरी वाडीवरच्या बाया अगदी असंच करायच्या. सांगावं लागायचं नाही."

मुली हसल्या. अवघडलेपण संपलं एकदाचं, असं हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला कपापेक्षा जास्त लाज वाटते.

कप कुणी आत आणला नाही.

आमचं गाव मनोरच्या पलीकडे, डोंगरात. भात झोडून झालं की गावात काम उरत नाही. मग आई घराला कडी घालते आणि चिंचणीकडे चिकूच्या वाडीवर कामाला येते. लहानपणी मीही तिच्याबरोबर असायचे. तिथे चहा मिळायचा तो ओट्याखाली. आमचे कप वेगळे, कान तुटलेले. प्यायचा, आपणच विसळायचा, मागच्या भिंतीशी पालथा ठेवायचा. हे कुणी रागावून शिकवलं नाही. आईनं केलं, मी केलं. तीन वर्षं कॉलेज केलं, व्याकरण घोटलं, समीक्षा घोटली. मॅडमच्या घरी माझ्या हातांनी मला विचारलंसुद्धा नाही.

आता आम्हाला पेपरला लावलेल्या त्या नाटकाचं सांगते. बाबाराव नावाचे बागायतदार त्याचे नायक. मुलगे म्हणतात, वाडी कारखान्याला विकू. बाबाराव नाही म्हणतात. ते झाडांशी बोलतात. दुसऱ्या अंकात झोपाळ्यावर बसून पावसावर लांबलचक भाषण करतात. ते चालू असतानाच त्यांचा गडी नारळावरून पडून मरतो. मग बाबाराव स्वतः त्याच्या झोपडीत जातात, त्याच्या बायकोच्या, सोमीच्या, अंगावर आपली शाल घालतात. सोमी त्यांचे पाय धरते. पडदा. गाईडमध्ये या प्रसंगावर पानंच्या पानं आहेत. औदार्य, करुणा, मातीशी नातं.

मॅडम म्हणाल्या, प्रसंग वाचून नाही, करून लक्षात राहतो. अधिकाऱ्यांच्या कॉलनीतून येणाऱ्या एका मुलीला त्यांनी बाबाराव केलं आणि सोफ्यावर बसवलं. मला म्हणाल्या, "तू खाली बस. आणि सोमीचं वाक्य तुमच्या बोलीत म्हण. पुस्तकातलं नको."

मी फरशीवर बसले. त्या मुलीचे पाय धरले. पायात पांढरे मोजे होते. म्हटलं, "मालक, तुमी आमचा देव हाय."

टाळ्या पडल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाल्या, "हिला अभिनय करावाच लागत नाही."

निघताना दाराशी गर्दी झाली. चपला घालताना माझा कप मध्ये येत होता. एकीनं तो पायानं जरासा बाजूला सारला. मी पाहिलं आणि जिना उतरले.

रविवारी आईला भेटायला वाडीवर गेले. कपाचं सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? ती क्रेटमध्ये चिकू निवडून भरत होती. मी शेजारी बसले आणि तिला नाटकाची गोष्ट सांगितली. तिनं हात न थांबवता ऐकली. शालीचा प्रसंग आला तेव्हा म्हणाली, "असा मालक मिलाय नशीब लागतं."

गाईडचं उत्तर आणि माझ्या आईचं उत्तर एकच होतं. गाईड लिहिणाऱ्याचं मी समजू शकते. आईचा राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली, कारण थंडीत कुणी अंगावर शाल घातली असती तर तिला खरंच बरं वाटलं असतं. तिला तेवढंही कुणी दिलेलं नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आये, पावसात नारलाव कोन चढतं गं?"

"कोन चढल? बुंधा बुलबुलीत होतो," ती म्हणाली. "मालक सांगल तर चढायचा."

आणि ती चिकू निवडत राहिली.

होस्टेलवर आल्या आल्या मी पुस्तक काढलं. पहिल्या अंकाच्या शेवटी आहे ते. मुंबईचे पाहुणे आलेत, बाहेर धो धो पाऊस आहे, आणि बाबाराव आत वळून म्हणतात, "शहाळी काढायला सांगा रे कुणीतरी." एवढंच. मग ते झोपाळ्यावर बसतात. पडदा. पुढच्या अंकात पावसावरचं भाषण आणि बाहेरून कुणीतरी पडल्याचा आवाज.

भाषण आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. शहाळ्यांचं वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं होतं. पण दर वेळी पाहुण्यांच्या रांगेत बसून वाचलं होतं, शहाळ्याची वाट बघत. माझा बाप, माझे मामा आयुष्यभर झाडांवर चढले. आणि मी झोपाळ्याकडे तोंड करून बसले होते. त्या रात्री मला स्वतःची इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

सराव परीक्षेत प्रश्न आला, बाबारावांचे स्वभावचित्र रेखाटा. मी लिहिलं, बाबाराव दुष्ट नाहीत. त्यांना झाड दिसतं, पाऊस दिसतो, झाडावरचा माणूस दिसत नाही. तो त्यांच्या शब्दामुळे मेला, हे नाटकात त्यांना कुणीच सांगत नाही. मुलगे नाही, पाहुणे नाहीत, सोमीसुद्धा नाही. म्हणून त्यांना शाल घालता येते. जाब विचारणारं कुणी नसलं की मन मोठं ठेवायला काही लागत नाही.

पंधरापैकी चार गुण मिळाले. मॅडमनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. नाव घेतलं नाही, पण बघत माझ्याकडेच होत्या. म्हणाल्या, डोक्यात राग धरून साहित्य वाचू नये, पुस्तकात नाही ते लिहू नये.

मी उभी राहिले. पुस्तक उघडलं. पहिल्या अंकातलं ते वाक्य मी वाचलं. वर्गात कुजबुज झाली.

मॅडम म्हणाल्या, "अगं, ते साधं बोलण्यातलं वाक्य आहे. लेखकाला तसं काही म्हणायचं नाही."

मी म्हटलं, "लेखकाला म्हणायचं नसेल. माणूस त्या वाक्यानंच मेला."

तास संपल्यावर त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. रागावल्या नाहीत. खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात समजावलं. तुमच्यातल्या मुली इथवर येतात हेच केवढं आहे, म्हणाल्या. विद्यापीठाचा पेपर तपासणारा तुझं ऐकून घेणार नाही. गाईडमधलं लिही, पास हो, बी.एड. कर, मग बोल काय बोलायचं ते. आणि हो, गॅदरिंगला तो प्रवेश बसवतेय, सोमी तूच.

खोटं त्या काहीच बोलत नव्हत्या. नापास झाले तर होस्टेल सुटणार, बी.एड. राहणार, आणि मी आईच्या शेजारी क्रेट भरायला बसणार. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. माझ्या भल्याचंच बोलत होत्या. पण खांद्यावरचा तो हात मला बाबारावांच्या शालीसारखा वाटला. आणि मला माहीत होतं की यानंतर पाय धरायचे असतात.

मी म्हटलं, "मॅडम, सोमी मी करणार नाही."

"का गं? तुझ्यासारखं कुणाला जमणार?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

त्यांनी हात काढून घेतला. त्यानंतर घरी बोलावलं नाही. गॅदरिंगला सोमी कॉलनीतल्या त्याच मुलीनं केली. तिला आमची बोली जमली नाही, तरी टाळ्या पडल्या.

आता विद्यापीठाचा पेपर तोंडावर आलाय. होस्टेलवर सगळ्या बाबारावांचे गुण पाठ करताहेत. मला भीती वाटते, हे लपवत नाही. लाजही गेलेली नाही. फक्त ती आता आईची नाही, बोलीची नाही. मी हसले आणि फरशीवर बसले, त्याची आहे. ती राहू दे. तिच्यामुळे मी परत खाली बसणार नाही.

नाटकाच्या सुरुवातीला पात्रांची नावं दिली आहेत. पाहुण्यांनाही नावं आहेत. त्या गड्याला नाही. तो रंगमंचावर येतच नाही, नुसता पडल्याचा आवाज येतो. बाबारावांवर प्रश्न येणार हे नक्की. माझं उत्तर त्या गड्यापासून सुरू होईल. नापास केलं तर पुढच्या वर्षी पुन्हा बसेन, आणि पुन्हा तेच लिहीन.