शेपटातला धोंडा

कुंदाबाईंना गाव तोंडावर ‘अक्का’ म्हणतं आणि पाठीमागं ‘भित्री अक्का’. पाठीमागं म्हणायची खरं तर गरजच नाही, तोंडावर म्हटलं तरी बाई मान डोलावेल. गॅसची टाकी बदलायची वेळ आली की ही अंगणात. फोन अवेळी वाजला की ही देवापुढं. पण हसण्याआधी जरा ऐका. लग्न होऊन दोंडाईच्याला गेली तेव्हा हीच पोरगी विहिरीत उड्या मारायची. मग एका सकाळी नवरा मोटर चालू करायला मळ्यात गेला आणि करंट लागून जागीच गेला. त्याच्यासाठी ठेवलेला चहा चुलीवर आटत होता, इतक्यात माणसं दारात. तेव्हापासून जी भीती अंगात शिरली ती निघालीच नाही.

माहेरी, बोरीकाठच्या गावात परत आली, तर आई आधीच गेलेली आणि धाकटा भाऊ भटू नुकता शाळेत जायला लागलेला. त्याला हिनं ब्लाऊज शिवून वाढवला. झाडावर चढू दिलं नाही, नदीवर जाऊ दिलं नाही, सायकल दिली ती अंगणापुरती. आणि एवढं जपलेलं पोरगं मोठं होऊन काय करावं? विमान बांधावं!

हो, विमान. एका माणसाचं, बसायची एकच खुर्ची असलेलं. भटूचं अमळनेरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शिरपूरकडची शिकाऊ विमानं डोक्यावरून जायची ती बघून लहानपणीच याचं डोकं फिरलं. दोन उन्हाळे बाहेर राहून चालवायला शिकून आला, आणि मग गोठ्यातल्या गुरांना ओसरीवर बांधून गोठ्यात ॲल्युमिनियमचे पाइप जोडत बसला. इंजिन मारुती गाडीचं. विमान बांधणार्‍याला पोरगी कोण देणार? लग्नाचा विषय आपोआप मिटला. वर्षामागून वर्षं गेली. पंखांचा सांगाडा झाला, त्यावर कापड चढवायची वेळ आली, तेव्हा तो अक्काच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला.

“अक्का, तुनासारखी शिवण कोनले जमस?”

नाही म्हणायला तिची जीभ उचलली गेली नाही. तिनं शिवलं. पंखाच्या एकेका बरगडीला मेणाच्या दोर्‍यानं टाके घातले. भटूनं वरून रोगण चढवलं तसं कापड ढोलकीसारखं ताणलं. गाव बघायला आलं, वाहवा करून गेलं. अक्काला त्या रात्रीपासून झोप नाही. एक टाका सुटला तर? दिवसा कुणाच्या पोलक्याला बटण लावतानाही तिला ते टाकेच दिसत. आपल्याच हातानं आपण भावाचं कफन शिवलं, असं तिच्या मनानं घेतलं. कुणाला बोलली नाही. बोललं की खरं होतं, अशी तिची समजूत.

मग भित्रं माणूस करतं तेच तिनं केलं, देवाला मधे घातलं. त्यांच्या शेताच्या बांधावर म्हसोबा आहे, शेजारी त्याचे लहान धोंडे. त्यातला एक, चांगला अडीच-तीन किलोचा, शेंदूर फासलेला, तिनं हात जोडून उचलला. पिशवीत घालून पिशवी शिवून टाकली. भटू दुकानावर गेल्यावर विमानाच्या अगदी शेपटापाशी, आतल्या पाइपाला ती पिशवी घट्ट बांधली आणि वरचं कापड पुन्हा टाके घालून बंद केलं. शेपटातच का? कारण तिथं कुणी बघत नाही. त्या रात्री बाई गाढ झोपली.

पुढं महिनाभर भटूचं लावणं-काढणं चाललं होतं. शेजारच्या वनानानांचं कापूस निघालेलं सपाट शेत रोलर फिरवून घेतलं होतं, त्यावर विमान पळवायचं, परत आणायचं, काहीतरी पिळायचं, पुन्हा पळवायचं. डाव्या अंगाला ओढतं म्हणून पट्टी वाकवली. नाकावरचा पंखा घरघरतो म्हणून काढून पुन्हा तोलला. रतिलालशेठच्या जिनिंगमधून कापूस मोजायचे तीन काटे आणले आणि तिन्ही चाकांखाली एकेक घालून विमान तोललं. अक्का लांबूनच बघायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

चाचणीच्या परवानगीचा कागद दिल्लीहून आला. उडवायच्या आदल्या संध्याकाळी रतिलालशेठ घरी आले. भटूच्या बापाच्या वयाचे, स्वभावानं चौकस. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, “एवढं तोलून बघायचं कारण काय रे?”

भटूनं ओट्यावरचं लाटणं उचललं आणि बोटावर आडवं तोललं. “हे बघा शेठ. बोट इथंच पाहिजे. शेपटाकडं थोडं जड झालं की नाक वर जातं, आणि गेलं की खाली येतच नाही. मग पडतं ते सरळ धोंड्यासारखं.” त्यानं लाटण्याच्या एका टोकाला बोट लावलं. लाटणं खाली आलं आणि फरशीवर खाडकन आपटलं.

अक्काच्या हातातली बशी तिथंच थांबली. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. धोंडा तर शेपटातच होता! तिनं स्वतःच्या हातानं बांधलेला! सांगावं का? सांगितलं तर काय म्हणेल? देवाच्या नावानं मारायला निघाली होतीस, म्हणेल. बशी शेठपुढं ठेवून ती आत निघून गेली. पहाटे भटू आंघोळीला गेला तशी ती गोठ्यात शिरली. टाके उसवले, पिशवी काढली, कापड शिवलं. घाईत सुई दोनदा बोटात गेली. धोंडा पदराखाली घेऊन बांधावर नेऊन ठेवला तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला. सुटले, म्हणाली.

सुटली कसली, आगीतून फुफाट्यात गेली होती. पण ते तिला शेतावर कळायचं होतं.

शेतावर अर्धं गाव जमलं होतं. नारळ फुटला, भटू खुर्चीत बसला, पट्टे आवळले. इंजिन सुरू झालं तसा धुळीचा लोट उठला. विमान डुलत डुलत शेताच्या पलीकडच्या टोकाला निघालं, तिथून वळून उडायचं होतं. अक्का रतिलालशेठच्या शेजारी पदर तोंडात धरून उभी. तिला धीर द्यावा म्हणून शेठ म्हणाले, “घाबरू नको गं. काट्यावर चढवलं तेव्हा शेपूट जड निघालं होतं, पण भटू पक्का. त्यानं पुढं नाकात शिसं बांधून तोल बरोब्बर जमवलाय. शेपटाला जेवढं, नाकाला तेवढं.”

अक्काच्या डोळ्यांपुढं लाटणं आलं. शेपटातलं वजन तर आता बांधावर होतं, आणि नाकातलं शिसं नाकातच. विमान पलीकडच्या टोकाला पोचून वळत होतं.

ती धावली. या बाईला कुणी कधी धावताना पाहिलं नव्हतं. चप्पल एकीकडं, पदर एकीकडं, ढेकळांतून ठेचकाळत ती शेताच्या मधोमध गेली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. समोरून तो पंखा गरगरत येत होता. मागं लोक ओरडत होते. ती हलली नाही. भटूनं ब्रेक दाबले, इंजिन बंद केलं. पंखा थांबला तेव्हा तिच्यात आणि त्याच्यात बैलगाडीएवढं अंतर राहिलं होतं.

“मरनं शे का तुले?” तो किंचाळला.

“मी शेपटमा धोंडा ठेवेल व्हता,” ती धापा टाकत म्हणाली. “म्हसोबाना.”

भटू चक्क हसला. “माले माहीत शे, अक्का. काट्यावर वजन जास्ती उनं, तव्हय उघडीसन दखं. तुनी शिवण मी वळखस. राहू दे तठेच. तेन्हासाठेच तर नाकमा शिसं बांधं.”

“तो मी काढी टाका.”

हसू तोंडावर तसंच राहिलं, पण रंग उतरला. “काढा? कव्हय?”

“आज सकायले.”

भटूनं पट्टे सोडले. खाली उतरला आणि पंखाखाली मातीतच बसला. जड नाकानं विमान वर गेलंही असतं, उतरताना नाक उचललं नसतं आणि पंखा आधी मातीत घुसला असता.

“माहीत व्हतं ते काढा का नही?” ती ओरडली. भाऊ वाढवला तेव्हापासून पहिल्यांदाच ओरडली. “एक शब्द बोलता नही उना तुले?”

“तू तरी कोठे बोलनी?” तो म्हणाला. मग मान खाली घालून, “आन धोंडा शे म्हनीसन माले बी बरं वाटे. माले बी भेव वाटस, अक्का. बठ्ठं तुलेच वाटस का?”

अक्काला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ती एकटीच भीत होती असं समजून चालली होती. ती त्याच्याजवळ मातीत बसली आणि त्याचे दोन्ही हात तिनं धरून ठेवले. लोक जवळ आले, विचारू लागले. रतिलालशेठनं त्यांना हाकलून लावलं.

त्या दिवशी विमान उडलं नाही. काटे पुन्हा आले. शिसं निघालं, तोल नव्यानं जमला. प्रत्येक नट दोघांनी मिळून बघितला, तिनं प्रत्येक टाका त्याला हात लावून दाखवला. भीती दोघांत वाटून घेतली की अर्धी होते, असं शेठ म्हणाले. अर्धी कसली? दुप्पट झाली. आता तिला त्याच्या पोटातलंही कळत होतं.

पुढच्या सोमवारी भटू पुन्हा खुर्चीत बसला. इंजिन सुरू करायच्या आधी त्यानं सगळ्यांदेखत तिला हाक मारली.

“अक्का, भेव वाटी र्‍हायनं.”

ती जवळ गेली. तिला म्हणायचं होतं, उतर, घरी चल. तेवढं एक वाक्य, आणि तो उतरलाही असता. त्याच्या डोळ्यांत ते तिला स्पष्ट दिसलं. तिनं त्याच्या खांद्यावरचा पट्टा ओढून बघितला.

“माले बी,” ती म्हणाली. “जाय.”