वेलावरची लाल चिठ्ठी

रविवारी जेवणं उरकून मी पदराला हात पुसत स्वयंपाकघरात आले, तर खिडकीतल्या माझ्या मनी प्लांटच्या कुंडीवर लाल चिठ्ठी चिकटवलेली.

लाल चिठ्ठी म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको. चाकणच्या ज्या कंपनीत मी वीस वर्षं काम करते, तिथे ती लावणारी मीच. गाडीच्या आत फिरवायच्या वायरींच्या जुड्या आमच्याकडे बनतात आणि त्या बनवणाऱ्या बायकांच्या एका लाइनची मी लीडर आहे. दर महिन्याला कामाच्या जागेची झाडाझडती होते, तिला आम्ही ऑडिट म्हणतो. जागेवर जे कामाचं नाही त्याला लाल चिठ्ठी लावायची आणि स्टोअरपाशी लाल पट्ट्यांनी आखलेल्या चौकोनात नेऊन ठेवायचं. आठ दिवसांत कोणी वहीत सही करून सोडवलं तर ठीक, नाहीतर भंगार. असली चिठ्ठी माझ्याच घरात, माझ्याच झाडाला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चिठ्ठ्या लावत होती ती इंटिरिअर डिझायनर. मुलाचं लग्न ठरलंय, म्हणून थेरगावच्या आमच्या फ्लॅटला नवं रूप द्यायचं त्याच्या मनात आलं. तो हिंजवडीत कामाला आहे आणि ही त्याच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी ओळखीची. मुलगी वाईट नव्हती. चपला दाराबाहेर काढून आली, चहाला नाही म्हणाली नाही. पण चिठ्ठ्यांचं पाकीट घेऊन घरभर फिरत होती, आणि जे जायचं त्याला लाल. शोकेसला लागली, दिवाणाला लागली, तोवर मी काही बोलले नाही. शोकेसच्या काचा शेवटी मलाच पुसाव्या लागतात.

"याला का?" मी कुंडीकडे बोट केलं.

"काकू, खरी झाडं आता घरात कोणी ठेवत नाही. मेंटेनन्स खूप असतो. मच्छर होतात, भिंतीला डाग पडतात. आणि हा वेल असा सगळीकडे फिरलाय ना, तो थोडा जुनाट दिसतो. आता क्लीन लाइन्स चालतात."

क्लीन लाइन्स! माझा वेल तिने नीट बघितला तरी होता का? स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीतून तो निघतो, दाराच्या चौकटीवरून हॉलमध्ये येतो, टीव्हीच्या वरून जातो आणि थेट बाल्कनीच्या दारापर्यंत पोचतो. एका ओळीत, कुठे लोंबत नाही. दर वितीला एक क्लिप, कोपऱ्यावर सावकाश वळण. वायर जोरात दुमडली तर वरून चांगली दिसते आणि आतून तुटते, हे मी नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी सांगते. वेलालाही मी तसंच वळवलंय. थेरगावची धूळ काय असते ते इथे राहणाऱ्याला ठाऊक आहे. सकाळी पुसलेल्या पानावर संध्याकाळी बोट फिरवलं तर काळं होतं. दर रविवारी एकेक पान ओल्या फडक्याने पुसणारी मी, आणि मला मेंटेनन्स शिकवणार ही.

मग तिने टॅब्लेटवर आमच्या नव्या हॉलचं चित्र दाखवलं. मी बघतच राहिले. सोफ्याच्या बाजूला झाड, टीव्हीखाली झाड, कोपऱ्यात माणसाएवढं झाड, आणि एक अख्खी भिंत हिरव्या शेवाळाची.

"अगं, इथे तर झाडंच झाडं आहेत."

"ती आर्टिफिशियल आहेत, काकू. महिन्यातून एकदा धूळ झटकली की झालं. ग्रीन फील तर पाहिजेच ना."

म्हणजे हिरवं दिसायला हवं, पण त्याने जगायला नको. पाणी मागायला नको, पान गाळायला नको, खिडकीकडे मान वळवायला नको. आपल्या बिल्डिंगच्या जाहिरातींवर बघा, फ्लॅट कमी आणि झाडं जास्त. लोक ते चित्र बघून घर घेतात आणि घरात आल्यावर तुळशीचीसुद्धा त्यांना अडगळ होते. हे कोणी ठरवलं? झाड घरात शोभतं की नाही हे विचारायचं असेल तर झाडाला जो पाणी घालतो त्याला विचारा की. नवऱ्याला विचारून उपयोग नव्हता. त्याला टीव्ही दिसला म्हणजे झालं. मी मुलाकडे बघितलं.

"आई, राग नको मानू," तो म्हणाला, "पण ज्याचा उपयोग नाही ते घरात नको, हे तूच शिकवलंस ना मला? माझा शंख-शिंपल्यांचा डबा आठवतोय? त्यालाही लाल चिठ्ठी लावली होतीस तू. आठ दिवस वाट बघितलीस आणि टाकलास."

डिझायनर हसली. नवराही हसला. त्याचं खरं होतं. कंपनीतून आणलेली शिस्त मी घरात चालवली होती, आणि अभिमानाने चालवली होती. कपाटावर, ओट्यावर, त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर. तो सहावीत होता तेव्हा. तेव्हाच हा वेलही घरात आला, आणि तो कसा आला ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. "कंपनीकडून भेट मिळाला," एवढंच सांगितलं होतं. ते खोटं होतं.

तेव्हा मी नुकतीच लीडर झाले होते. वायरी मांडून जुडी बांधायच्या फळीला आम्ही बोर्ड म्हणतो; आमच्या लाइनवर सात नंबरच्या बोर्डावर मराठवाड्याकडची एक बाई होती, कॉन्ट्रॅक्टवर आलेली. कॉन्ट्रॅक्टच्या बायका सहा-सात महिन्यांत बदलायच्या, म्हणून त्यांना आम्ही बोर्डाच्या नंबरानेच हाक मारायचो. "ए सात नंबर, टेप संपली का बघ." ती कधी चिडली नाही. हात मात्र तिच्यासारखा लाइनवर कोणाचा नव्हता. तिने पाण्याची बाटली अर्धी कापून तिच्यात मनी प्लांटची एक फांदी लावली होती, आणि ती बाटली बोर्डाच्या कडेला वायरनेच बांधून ठेवली होती. चार पानं होती. ना कामात अडथळा, ना कोणाला त्रास.

लीडर म्हणून माझं पहिलंच ऑडिट होतं. साहेब यायच्या आत मला लाइन शंभर टक्के गुणांची करून ठेवायची होती. मी त्या बाटलीला लाल चिठ्ठी लावली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "कामाशी संबंध नाही."

ती म्हणाली, "ताई, राहू द्या की. दिवसभर वायरीच वायरी बघायच्या. त्याच्याकडं बघितलं की डोळे निवतेत माझे."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणाले. "वहीत सही करून घरी घेऊन जा."

"घरी कुठं उजेड हाय ताई," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

तिने सही केली नाही. मला वाटलं, अकडू आहे. चार दिवसांनी तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि सोमवारी सात नंबरवर दुसरी बाई उभी होती. कुठे गेली, कोणी विचारलं नाही. आठव्या दिवशी मी स्टोअरकडे गेले तर लाल चौकोनात तुटक्या खुर्चीशेजारी ती बाटली होती, आणि फांदीला पाचवं पान फुटलेलं. तिथे कोण पाणी घालत होतं, देव जाणे. मी वहीत सही केली, बाटली पिशवीत घातली आणि कंपनीच्या बसमधून मांडीवर घेऊन घरी आले. लाज वाटत होती म्हणून खोटं बोलले. आणि लाज वाटत होती म्हणूनच इतकी वर्षं ते झाड जपलं. आधी बाटलीत, मग पत्र्याच्या डब्यात, मग कुंडीत. घराची शोभा म्हणून तो वेल मी कधी वाढवलाच नव्हता.

हे सगळं मी त्या रविवारी बोलायला हवं होतं. मुलाला वेगळं घेऊन सांगायला हवं होतं. मी फक्त फणकाऱ्याने म्हणाले, "वेल जाणार नाही," आणि तो म्हणाला, "बरं आई, पुढच्या रविवारी बघू." डिझायनरने मान हलवली आणि ती गेली.

आता माझा मूर्खपणा ऐका. चिठ्ठी कुंडीवर तशीच राहिली. मी ती फाडली नाही. वीस वर्षांत मी एकही लाल चिठ्ठी हाताने फाडलेली नाही. आमच्याकडे तसं केलं तर मेमो मिळतो. चिठ्ठी निघते ती जिने लावली तिच्यासमोर, रीतसर. म्हणून स्वतःच्या घरात, स्वतःच्या कुंडीवरची चिठ्ठी काढायला मी पुढच्या रविवारची वाट बघत होते. येता-जाता तिच्याकडे बघून दात-ओठ खात होते, पण हात लावत नव्हते. आमच्या लाइनवरची कुठलीही बाई हेच करेल, आणि बाहेरचा कोणीही हे ऐकून हसेल.

बुधवारी माझी फर्स्ट शिफ्ट होती. मी कामावर असताना फॉल्स सीलिंग करणारी माणसं आली, ठरल्या दिवसाच्या आधीच. लाल चिठ्ठी असेल ते काढायचं, असं डिझायनरने त्यांना सांगून ठेवलं होतं, त्यांनी चिठ्ठ्या बघितल्या. मुलगा घरूनच काम करत होता, आतल्या खोलीत, कानाला हेडफोन. दुपारी मी दार उघडलं तर उंबऱ्याशी गोणपाटाचं पोतं उभं, आणि त्यातून पानं बाहेर आलेली. भिंतीवर फक्त क्लिपा राहिल्या होत्या. प्रत्येक क्लिपेपाशी वेल कापला होता, कारण क्लिप काढण्यापेक्षा कापणं सोपं. कुंडी उपडी करून माती वेगळी भरली होती.

"आई, मी त्यांना कापा म्हणालो नव्हतो," मुलगा म्हणाला.

"कापू नका असंही म्हणाला नव्हतास."

"चिठ्ठी होती ना गं त्यावर. मला वाटलं, तुझा विचार बदलला. नाहीतर तू काढली असतीस."

मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि रडले. पोतं पुढ्यात ओढून त्याला सगळं सांगितलं, सात नंबर, बाटली, सही, सगळं. तो खाली बसला. मग म्हणाला, "तिचं नाव काय होतं?"

हा प्रश्न त्याने विचारायला नको होता. मला नाव ठाऊक नव्हतं. तिचा हात आठवत होता, टेप ओढायची तऱ्हा आठवत होती, "निवतेत" म्हणतानाचा आवाज आठवत होता. नाव मी कधी विचारलंच नव्हतं. त्या लाल चिठ्ठीवरही वस्तू काय, जागा कुठली, कारण काय, एवढेच रकाने असतात. वस्तू कोणाची, असा रकाना नाही. इतकी वर्षं मी ती चिठ्ठी भरतेय आणि हे त्या बुधवारी लक्षात आलं.

मनी प्लांटचं एक बरं असतं. गाठ शाबूत असली की तुकडा जगतो. मी पोतं हॉलमध्ये ओतलं आणि गाठी बघून तुकडे निवडायला बसले. मुलाने बाल्कनीतल्या रिकाम्या बाटल्या काढून कापल्या. कापताना बोट कापून घेतलं, तरी उठला नाही. डिझायनरचा फोन आला तेव्हा त्याने तिला सांगितलं की शेवाळाची भिंत नको, खिडकीपाशी फळी पाहिजे. तिने काहीतरी समजावलं असावं, कारण तो दोनदा "नाही" म्हणाला. नवऱ्याने टीव्ही बंद केला आणि बाटल्यांत पाणी भरलं.

घरात एक बाटली ठेवली. बाकीच्या मी दुसऱ्या दिवसापासून पिशवीतून कंपनीत नेल्या आणि माझ्या लाइनवरच्या एकेका बोर्डाला बांधल्या, वायरनेच. मुली घाबरल्या. सात नंबरवर आता राजगुरुनगरकडची मुलगी आहे. ती म्हणाली, "मॅडम, ऑडिट हाय की आपलं. आमाला बोलतील."

"तुला न्हाई बोलणार," मी म्हणाले. आमच्या घरचं बोलणं माझ्या तोंडात चटकन येतं, विशेषतः डोकं तापलं की.

ऑडिटला नवा साहेब होता, मुलाच्याच वयाचा. सात नंबरपाशी थांबला, चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुमच्या लाइनवर? हे कोणाचं?"

"सात नंबरवरच्या बाईचं."

त्याने त्या मुलीकडे बघितलं. ती गोरीमोरी झाली. "माझं न्हाई ओ सर."

"हिचं नाही," मी म्हणाले. "हिच्या आधीची. खूप आधीची. नाव लिहायचं असेल तर रिकामी जागा सोडा, मला ठाऊक नाही. मी विचारलं नव्हतं."

त्याला काही कळलं नाही, आणि कळावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. त्याने नियमाप्रमाणे सगळ्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या. कारण लिहिलं, "कामाशी संबंध नाही." अक्षर वेगळं, वाक्य माझंच. बाटल्या लाल चौकोनात गेल्या. मी लीडर झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या लाइनचे गुण कापले गेले, आणि ते फळ्यावर सगळ्या शेडला दिसतील असे लिहिले गेले.

शिफ्ट सुटल्यावर मी स्टोअरमध्ये गेले आणि वही मागितली. प्रत्येक बाटलीपुढे एक सही केली. मग एकेक उचलून जिची तिच्या बोर्डाला परत बांधली. सात नंबरची शेवटी बांधली. पुढच्या महिन्यात पुन्हा चिठ्ठ्या लागतील. मी पुन्हा सह्या करीन. मला रिटायर व्हायला अजून अवकाश आहे, आणि त्या बाईची बाटली तिच्या बोर्डावर परत नेणारी सही बरीच वर्षं राहून गेली आहे.